बस्त्याच्या गिऱ्हाइकांसाठी नोंदणीचं पान: आधी पहिला मेसेज लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात साड्यांचं दुकान, तुमची तिसरी पिढी. लग्नाचा बस्ता बांधायला खानापूर, चंदगड, निपाणीपासून सावंतवाडी-गोव्यापर्यंतची माणसं येतात. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, म्हणून त्याआधी गिऱ्हाइकांची नावं, नंबर आणि आवडनिवड गोळा करायला तुम्ही एक पान केलंत. लिंक पाठवली की लोक उघडतात, पण भरत कोणी नाही. आता दुसरं टूल घ्यावं की डिझाइन बदलावं, असं विचारलंत. सोबत पानाचे फोटो पाठवलेत, ते नीट बघितले.

टूल बदलू नका. रंगही राहू द्यात. तुमच्या पानावर चौदा खाने आहेत: नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, मोबाइल, दुसरा मोबाइल, ईमेल, पूर्ण पत्ता, तालुका, जिल्हा, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, व्यवसाय, आवडता रंग आणि इतर सूचना. बस्त्यासाठी पान केलंय, आणि लग्न कधी आहे हे चौदापैकी एकाही खान्यात विचारलेलं नाही! यात तुमचा दोष नाही. आपण सगळेच कुठला तरी सरकारी अर्ज डोळ्यांसमोर ठेवून फॉर्म करायला बसतो, त्यामुळे असं होतं.

मी गेली बारा वर्षं बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यातल्या दुकानांसाठी अशी पानं करते. सुरुवातीला मीही खान्यांपासूनच सुरू करायची. आता उलटीकडून येते. गिऱ्हाइकानं नोंदणी केल्यावर तिला जो पहिला मेसेज जाणार, तो मी दुकानदाराला आधी कागदावर लिहायला सांगते. तुमच्या दुकानाचा मेसेज साधारण असा होईल:

"नमस्कार सुमनताई. मार्गशीर्षातल्या लग्नासाठी तुम्ही इरकल आणि पैठणी बघायची आहे असं कळवलं होतं. टोप पदराच्या इरकल साड्यांचा नवा माल आलाय, फोटो पाठवतो. बुधवारी दुकानात गर्दी कमी असते, त्या दिवशी आलात तर निवांत बसून दाखवता येईल."

आता या मेसेजमध्ये गिऱ्हाइकाकडून आलेलं काय काय आहे ते मोजा. हाक मारायचं नाव, व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, लग्नाचा महिना आणि साडीचा प्रकार. त्यात गाव आणि भाषा या दोनच गोष्टी आणखी घाला. खाने सहा झाले. बाकीचे सगळे काढून टाका. जन्मतारखेचं काय करणार आहात? वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायला दुकानात कोणी माणूस नेमलाय का? नसेल तर विचारू नका. ज्या खान्यातल्या उत्तरावर दुकानात कोणीतरी काहीतरी करणार आहे, तेवढाच खाना ठेवायचा.

आता एकेक खाना घेऊ. खरी गंमत आणि खरी अडचण इथंच आहे.

नावाचा एकच खाना ठेवा आणि त्यावर लिहा, "तुमचं नाव, आम्ही हाक मारू ते". पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तुकडे करू नका. कोणी नुसतं "सुमन" लिहील, कोणी "पाटील वैनी" लिहील. मेसेजच्या सुरुवातीला ते जसंच्या तसं शोभतं.

मोबाइलच्या खान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. त्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी काउंटरपाशी उभी राहून गिऱ्हाइकं फॉर्म कसा भरतात ते बघत होते. जांबोटीकडच्या एक काकू आल्या होत्या. त्यांनी नाव मराठीत लिहिलं, अगदी सराईतपणे, आणि त्याच कीबोर्डवर नंबरही टाकला. खाली लाल अक्षरांत इंग्रजीतून आलं की नंबर चुकीचा आहे. त्यांनी पुसला, परत टाकला, परत तेच. चष्मा वर करून एकेक अंक बोटानं मोजला. दहा भरले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्ये काय घेईना झालंय की, माझाच नंबर हाय." नंबर बरोबरच होता. पण तो मराठी कीबोर्डवरून, मराठी अंकांत आला होता आणि पानाची तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखत होती. काकूंनी फोन मुलाकडे दिला, मुलानं तो खिशात टाकला. तो फॉर्म काही भरला गेला नाही. पान मीच केलं होतं.

पान ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर चालतं तिच्यातली अंकांची नेहमीची तपासणी फक्त इंग्रजी शून्य ते नऊ धरते. मराठी अंक तिला अक्षरांसारखे वाटतात, कन्नड अंकही. म्हणून तुमच्या डेव्हलपरला तीन गोष्टी सांगा. एक, या खान्याचा प्रकार टेलिफोनचा ठेव, म्हणजे बोट टेकवलं की फोनवर थेट आकड्यांचा कीपॅड उघडतो. दोन, मराठी आणि कन्नड अंक आले तर आतल्या आत इंग्रजीत बदलून घे; सुरुवातीचं अधिक एक्याण्णव, शून्य, मधली मोकळी जागा हे सगळं काढून टाक आणि मग दहा अंक मोज. आपल्याकडचे मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनंच सुरू होतात, तेवढं तपास. तीन, चूक झालीच तर मराठीत आणि नेमकं सांग: "नऊच अंक आलेत, एक राहिलाय का बघा." नुसतं "चुकीचा नंबर" वाचलं की माणूस ओशाळतो आणि पान बंद करतो. आणखी एक बारीक गोष्ट: खान्यातल्या अक्षरांचा आकार सोळा पिक्सेलपेक्षा लहान असला तर आयफोनवर बोट टेकवताच पान मोठं होऊन एका बाजूला सरकतं. तेवढ्यानंही माणसं गोंधळतात.

नंबर खरा आहे ना, हे तपासायला ओटीपी लावू का, असंही तुम्ही विचारलंत. लावू नका. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे बँकांनी लोकांना घोकून घोकून सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे. साडीच्या पानावर ओटीपी मागितला की सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक आधी उठून जाईल. त्याऐवजी फॉर्म भरून झाल्यावर एक बटण द्या: "व्हॉट्सअ‍ॅपवर नमस्कार पाठवा". त्यावर बोट ठेवलं की तुमच्या दुकानाच्या नंबरची चॅट उघडते, मेसेज आधीच लिहिलेला असतो, तिनं फक्त पाठवायचं. तो मेसेज तिच्याच फोनवरून येतो, म्हणजे नंबराची खात्री आपोआप झाली. आणि तुम्ही तिला लगेच सांगू शकता की आमचा नंबर सेव्ह करून ठेवा. हे सांगणं फार गरजेचं आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमध्ये ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना पाठवायच्या, एका यादीत २५६ नावं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचतच नाही. कितीतरी दुकानदार हजार नंबर गोळा करून बसलेत आणि उत्तर का येत नाही म्हणून विचारतात, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

पत्त्याच्या जागी फक्त पिन कोड विचारा. गाव लिहायला सांगितलं तर काय होतं ते आपल्या शहराच्या नावावरूनच बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झालं, पण लोक बेळगाव लिहितात, बेळगावी लिहितात, बेलगाम लिहितात, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांची स्पेलिंगं वेगळीच. यादीत ती पाच गावं होऊन बसतात. खानापूर लिहिलं तर ते आपलं की सांगली जिल्ह्यातलं, हे कळत नाही. पिन कोड सहा अंकांचा असतो आणि तो बहुतेकांना पाठ असतो. ५९० आणि ५९१ आपल्या जिल्ह्याचे, ४१६ म्हटलं की कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, आणि ४०३ म्हणजे गोवा. तुमचं काम एवढ्यानं भागतं, कारण तुम्हाला एवढंच ठरवायचंय की कोणाला "उद्या येऊन जा" म्हणायचं आणि कोणाला आधी फोटो दाखवून दिवस ठरवून बोलवायचं.

भाषेचा खाना मात्र ठेवाच. आपल्या भागात ही सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात उपयोगाची माहिती आहे. आडनावावरून भाषा ठरवू नका. घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी बायका कन्नड शाळेत शिकलेल्या असतात, त्यांना कन्नड वाचायला सोपं जातं. आणि कन्नड घरातल्या बायका मराठी फाडफाड बोलतात, पण वाचायची वेळ आली की अडखळतात. म्हणून प्रश्न असा ठेवा: "मेसेज कोणत्या भाषेत वाचायला आवडेल?" मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी, इंग्रजी. एकच निवडायची. पानाच्या अगदी वर भाषा बदलायचं बटण द्या आणि कन्नड हा शब्द कन्नड लिपीतच लिहा. मराठीत लिहिलेला "कन्नड" शोधायला ज्याला मराठी वाचता येत नाही तो कुठून येणार?

कन्नड मजकूर मशीनकडून भाषांतर करून घेऊन तसाच टाकू नका. साडीचे शब्द तिथं हमखास घसरतात. काठाला "अंचु", पदराला "सेरगु" हे तुमच्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या सेल्समनला लहानपणापासून माहीत असतं. त्याला पाच मिनिटं शेजारी बसवा आणि मजकूर मोठ्यानं वाचायला सांगा. जिथं तो थांबेल तिथं शब्द बदला. मराठी मजकुराचंही तसंच करा. देवनागरीला वर-खाली मात्रा-वेलांट्या असतात, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा थोडी जास्त जागा सोडायला सांगा, नाहीतर एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

आवडनिवड विचारताना शब्दांऐवजी फोटो वापरा. इरकल, पैठणी, कांजीवरम, बनारसी, सुती, नऊवारी: प्रत्येकाचा तुमच्याच दुकानातला एक फोटो, आणि त्यावर बोट ठेवलं की खूण होते. एकापेक्षा जास्त निवडू द्या, कारण बस्ता एका साडीचा नसतो. नवरीची शालूसारखी भारी साडी वेगळी, हळदीची वेगळी, विहिणीची वेगळी आणि मानपानाच्या दहा-पंधरा वेगळ्या. मी तर एक छोटा जास्तीचा प्रश्न सुचवेन, ऐच्छिक म्हणून: "मानपानाच्या साड्या साधारण किती लागतील?" या एका उत्तरावरून तुम्हाला कळतं की हे कुटुंब एका साडीसाठी येणार आहे की दिवसभर बसणार आहे.

लग्नाची तारीख नको, महिना विचारा. मुहूर्त पक्का व्हायच्या आधीच बायका साड्या बघायला लागतात. पर्यायांत "अजून ठरलं नाही" हवंच. बजेटबद्दल माझं मत ठाम आहे: पानावर विचारू नका. बस्त्याला कुटुंबातली चार माणसं असतात, आणि खर्चाचा आकडा ती एकमेकांसमोरही लगेच उघड करत नाहीत, मग फॉर्मवर कशाला करतील? ते काम दुकानात, गादीवर बसून, दोन साड्या उलगडल्यावर होतं. तिथं तुमचा अनुभव कुठल्याही फॉर्मपेक्षा मोठा आहे.

फोटो टाकताना वजन बघा. फोनवरून काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे सहा फोटो पानावर टाकले तर कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात ते पान उघडायच्या आधी माणूस कंटाळतो. प्रत्येक फोटो शे-दीडशे केबीपर्यंत खाली आणा, जरीची चमक तेवढ्यातही दिसते.

पानाच्या पहिल्या नजरेत काय दिसावं, हे आता सोपं आहे. सगळ्यात वर तुमच्या दुकानाच्या दाराचा खरा फोटो, गल्लीचं नाव, दुकानाचा फोन. हल्ली फसवणुकीच्या लिंकांना लोक घाबरलेत. ओळखीचं दार दिसलं की धीर येतो. खाली एक वाक्य: "लग्न कोणत्या महिन्यात आहे ते सांगा, तुमच्या आवडीचा नवा माल आला की फोटो पाठवू. महिन्यातून जास्तीत जास्त दोन मेसेज." हा दोनाचा आकडा लिहायचा आणि पाळायचा. आणि बटणावर "सबमिट" लिहू नका, "माल आला की मला कळवा" असं लिहा. मेनू, इतर लिंका, आमच्याबद्दल, हे सगळं या पानावरून काढून टाका. इथं आलेल्या बाईनं एकच काम करून जायचंय.

आता संमती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. मुदत आहे म्हणून थांबू नका, पान आत्ताच तसं करा. संमती माणसानं स्वतः कृती करून द्यायची असते, म्हणून आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही. कशासाठी माहिती घेताय ते स्पष्ट सांगायचं आणि त्या कामाला लागते तेवढीच घ्यायची. तुमचे जास्तीचे खाने काढायला मी सांगितलं त्याला कायद्याचाही आधार आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही त्यात आहेत. आणि नाव नोंदवणं जितकं सोपं, तितकंच काढून घेणंही सोपं हवं. प्रत्येक मेसेजच्या शेवटी "नको असेल तर फक्त 'नको' लिहून पाठवा" एवढं ठेवा आणि तसा मेसेज आला की त्याच दिवशी नाव काढा. अठरा वर्षांखालच्या मुलींची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते, म्हणून नोंदणी आई-वडिलांच्या नावानंच होऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपऐवजी साधे एसएमएस पाठवायचे असतील, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर दुकानाची नोंदणी, हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तुमच्या कामाला मला तो खटाटोप गरजेचा वाटत नाही.

गूगल फॉर्म वापरत असलात तर दोन गोष्टी आजच तपासा. सेटिंगमध्ये प्रतिसादांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवायची सोय असते, ती बंद असली पाहिजे. नाहीतर एकीला दुसऱ्यांची माहिती दिसते. आणि उत्तरं ज्या शीटमध्ये जमा होतात तिची लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे त्या सगळ्यांना" अशी उघडी ठेवू नका. मी एका दुकानात अशी उघडी शीट बघितलीय, कामगारांच्या ग्रुपवर फिरत होती, शेकडो बायकांचे नंबर त्यात. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. शीट दोनच माणसांच्या हातात ठेवा आणि हंगाम संपल्यावर ज्यांचं लग्न होऊन गेलं त्यांना विचारा, नाव ठेवायचं की काढायचं.

लिंक कुठून जाईल यावर तुम्ही फक्त इन्स्टाग्रामचं नाव घेतलंत. मला तुमची कापडी पिशवी जास्त मोलाची वाटते. ती चंदगडला जाते, म्हापशाला जाते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात खुंटीवर लटकते, आणि शेजारीण विचारते, कुठून घेतली साडी? पिशवीवर क्यूआर कोड छापा. काउंटरवरचा कोड वेगळा, पिशवीवरचा वेगळा, इन्स्टाग्रामची लिंक वेगळी ठेवा, म्हणजे नाव कुठून आलं हे शीटमध्ये आपोआप उमटतं. कोडच्या खाली मराठी आणि कन्नड दोन्हीत एकेक ओळ लिहा, नुसता कोड बघून कोणी फोन काढत नाही.

दोन-दोन प्रकारची पानं करून कोणतं जास्त चालतं ते बघावं का, असा शेवटचा प्रश्न होता. तुमच्याकडे दिवसाला वीस-पंचवीस माणसं पान उघडतात, एवढ्यावरून असली तुलना खरी ठरत नाही. त्यापेक्षा काउंटरपाशी उभं राहा.

एक राहिलंच. जुन्या वह्यांतले नंबर नव्या यादीत सरसकट चढवू नका. ते त्या बायकांनी फॉल-पिको झाला की कळवावं म्हणून दिलेले होते. त्या परत दुकानात आल्या की पान दाखवा, त्यांनाच भरू द्या.

सहा खाने आणि तो मानपानाचा ऐच्छिक प्रश्न, एवढं पान तयार झालं की रविवारी पाच गिऱ्हाइकांच्या हातात द्या. मदत करू नका, मध्ये बोलू नका, कुठं बोट थांबतं तेवढं वहीत टिपून ठेवा. त्या नोंदी मला पाठवा, त्या बघून पुढचं सांगते.